हेडलाइट चालूच राहू द्या

गेल्या रविवारी वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर मी कार उजवीकडे वळवत होतो. समोर रस्ता मोकळा दिसला, म्हणून क्लच सोडला. तेवढ्यात बोनेटच्या पुढ्यात एक मोटरसायकल करकचून थांबली. चालवणारा वीस-एकवीस वर्षांचा, मागे त्याची आई. कुणाला लागलं नाही, अल्हम्दुलिल्लाह! पण त्या आईची नजर अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मी स्वतः बारा वर्षं अब्बांच्या स्प्लेंडरवर फिरलो. कारवाल्यांना किती शिव्या दिल्या असतील, त्याचा हिशेब नाही. कार घेऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि आज तो कारवाला मीच होतो.

सॉफ्टवेअरच्या कामात चूक झाली की ती का झाली, हे शोधावं लागतं. तसंच इथेही शोधलं. पुढच्या काचेच्या कडेला जो जाड खांब असतो, त्याच्या आड अख्खी मोटरसायकल लपते. शिवाय समोरून येणारी लहान वस्तू डोळ्यांना दूर आणि हळू वाटते. ताशी 60 किलोमीटर वेगाची दुचाकी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे येते. मी 'बघितलं' होतं, पण मला ती दिसली नव्हती.

म्हणूनच एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालू राहतो. आपल्याकडे मात्र समोरचा हाताने खुणावतो, 'लाइट चालू आहे!' मग काही पोरं वेगळं बटण बसवून तो बंद करून घेतात. दोस्तांनो, दिवसाचा तो उजेड तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून नाही, माझ्यासारख्या कारवाल्याला तुम्ही दिसावं म्हणून आहे.

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतले सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण तिथे दुचाकीला बंदी आहे. म्हणजे नागपूरला जा की यवतमाळला, दुचाकीवाल्याला ट्रक आणि कारच्या सोबतीनेच जायचं आहे. धडक झाली तर कारवाल्याचा बंपर जातो, दुचाकीवाल्याचा जीव जातो. त्यामुळे ज्याच्या हातात जास्त वजन, त्याची जबाबदारी जास्त.

म्हणून कारवाल्यांनो, वळताना मान पुढे-मागे करून खांबाच्या आड बघा. उजवं दार डाव्या हाताने उघडा. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. दुचाकीला ओलांडताना तिला खड्डा चुकवण्याइतकी जागा सोडा.

दुचाकीवाल्यांनो, कारच्या मागच्या दाराला चिकटून चालू नका. आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

थोडं घरातलंही बोलू. ईदच्या दिवशी ट्रिपल सीट, गिरडच्या दर्ग्याला जाताना टाकीवर लहान मूल, डोक्यावर टोपी आहे म्हणून हेल्मेट नाही. टोपीचा अदब आहेच, पण ती डोकं वाचवत नाही. जुम्याला मशिदीसमोर अर्धा रस्ता अडवून कार लावणारेही आपणच. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपल्याला लहानपणीच शिकवलं गेलं. आपली गाडीच ती वस्तू झाली असेल, तर?

त्या आईच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सांगावंसं वाटलं, पण त्या क्षणी मला तोंड नव्हतं. ते आज इथे सांगतोय: अम्मीसाठीही एक हेल्मेट घ्या. आणि तुमच्या गाडीचा लाइट चालू दिसला, तर मी हात हलवणार नाही, ब्रेकवर पाय ठेवेन.