सोमवारचा दमा

कनेरगाव नाक्याच्या आसपास आता सोयाबीन वाढले, तरी कापूस सुटलेला नाही. त्या कापसाची धूळ माणसाचा श्वास कोंडते, ही गोष्ट मात्र आमच्या ध्यानी फार उशिरा आली.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मुंबईच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तेथे कापूस पिंजला जातो व त्याची धूळ दिवसभर हवेत तरंगते. १९८२ च्या संपानंतरही काही वर्षे त्यांनी ते काम केले. पुढे दम पुरेना म्हणून गावी परतले. ‘‘गुरुजी, रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळून येई; मंगळवारी जरा हलके वाटे,’’ असे ते सांगत. आमच्या शाळेतील पोरांचेही पोट सोमवारीच दुखते, असे म्हणून आम्ही हसलो होतो.

त्या हसण्याची आज आम्हांस लाज वाटते. सोमवारची ती आवळ हेच या रोगाचे पहिले लक्षण होय. वैद्यकात यास बिसिनोसिस म्हणतात. आरंभी सुट्टीनंतरच्या दिवशी, मग रोज, आणि वर्षानुवर्षे धुळीत काढल्यावर कायमचा, असा तो जडतो. धूळ व धूर श्वासरोगास कारण होतात हे चरकाने सांगितलेले आम्ही पाठ केले होते. ओट्यावर बसलेला रोगी मात्र ओळखला नाही!

त्यांचा नुकसानभरपाईचा अर्ज आम्हीच लिहिला. अक्षर सुवाच्य, भाषा निर्दोष, आणि रोगाच्या जागी ‘दमा’. दमा कोणासही होतो. अर्ज नामंजूर झाला. वास्तविक १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आणि १९४८ चा राज्य विमा कायदा या दोहोंच्या तिसऱ्या परिशिष्टात कापसाच्या धुळीचा फुप्फुसरोग व्यवसायजन्य म्हणून गणला गेला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. विमा असलेल्यास महामंडळाने द्यावे, नसलेल्यास मालकाने. हात तुटला तर सारे खाते साक्षीला असते. फुप्फुस झिजते त्याला साक्षी कोण? हजेरीपट, पगाराच्या चिठ्ठ्या व डॉक्टरांचा कागद, एवढेच. त्या कागदावर धंदाच लिहिलेला नसेल तर पुढचे सारे लंगडे पडते.

आपल्या घरांतून असे अर्ज लिहून देण्याचा प्रघात आहे. लिहिणाऱ्याने खाते कोणते, वर्षे किती, आणि सुट्टीनंतरच्या दिवशी छाती कशी असते, हे आधी विचारावे. जिनिंगमधील हंगामी मजुराचे नाव तर मुकादमाच्या वहीपलीकडे जातच नाही. त्याला हजेरीची नक्कल आजच मागून ठेवावयास सांगावे.

त्या गृहस्थांच्या पगाराच्या चिठ्ठ्या त्यांच्या घरी पत्र्याच्या डब्यात अजून आहेत. अर्ज लिहिताना त्या मागण्याचे आम्हांस सुचले नव्हते.