डॉलर त्यांचे, भुर्दंड आमचा

औंढा नागनाथच्या मंदिराभोवती दुकान थाटलेल्या व्यापाऱ्याने परदेशी बँकेची पायरी कधी चढलेली नसते. तरीही मुंबईतील एखाद्या बड्या कंपनीने लंडनमध्ये काढलेल्या कर्जाची झळ त्याच्या कॅश क्रेडिट खात्यापर्यंत पोहोचते, असे म्हटले तर आमचे अर्थपंडित हसतील. हसोत बापडे! 2007 चा अनुभव मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

स्वस्त व्याजाच्या मोहाने त्या काळी कंपन्यांनी डॉलर आणले. ते देशात खर्चायचे तर त्यांचे रुपये करणे आलेच. रुपया फार वधारून निर्यातदार बुडू नयेत म्हणून रिझर्व्ह बँकेने डॉलर विकत घेतले आणि मोबदल्यात नवे रुपये बाजारात सोडले. पुढे महागाईच्या भयाने तोच पैसा शोषून घेण्याची पाळी आली. परकीय गुंतवणुकीचा ओघ आणि तेलाची दरवाढ हीही कारणे होती, हे मान्य. पण शोषण कोणाचे झाले? 2004 मध्ये सुरू झालेल्या बाजार स्थिरीकरण योजनेतील रोख्यांचे व्याज करदात्याने भरले. डिसेंबर 2006 च्या प्रारंभी बँकांना शंभर रुपयांच्या ठेवींमागे 5 रुपये रिझर्व्ह बँकेत ठेवावे लागत. ऑगस्ट 2008 अखेर ते 9 झाले, तेही बिनव्याजी. औंढ्यातील ठेवही यातून सुटली नाही. डॉलर आणणारा मात्र नामानिराळा!

ऑगस्ट 2007 मध्ये सरकारला जाग आली. 2 कोटी डॉलरहून मोठी कर्जे देशांतर्गत खर्चासाठी आणण्यास मनाई झाली. तोवर बरेच पाणी वाहून गेले होते.

बडे बाहेर गेले की घरचा पैसा लहानांना उरतो, हा युक्तिवाद नेहमीचाच. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली, परदेशी कर्जाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा हेच बडे देशी बँकांच्या दारी येऊन उभे राहिले. त्या रांगेत औंढ्याच्या दुकानदाराचा क्रमांक कितवा?

चिलीने 1991 मध्ये वेगळा मार्ग धरला. परदेशी कर्ज आणणाऱ्यालाच त्याचा काही भाग मध्यवर्ती बँकेत बिनव्याजी ठेवावा लागे. आरंभी 20 टक्के, पुढे 30. ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने परकीय कर्जाचे नियम अधिक सैल करणारा मसुदा मांडला. सैल करायचेच, तर अशी अनामत आधी कर्जदार कंपनीकडून घ्यावी.