युरोपला जायचे ते बसने की बोटीने?

परवा बेळगुंदीस एका विद्यार्थिनीच्या घरी जाण्याचा योग आला. तिच्या आजी-आजोबांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षे होतात, म्हणून मुलांनी वर्गणी काढून दोघांना युरोप दाखवावयाचे ठरविले आहे. चहाबरोबर दोन रंगीत पत्रके पुढे आली. एकात बसची सहल, सोबत मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि रात्री वरणभात. दुसऱ्यात भूमध्य समुद्रातली भलीथोरली बोट, सात रात्री, वर पोहण्याचा तलाव नि नाटकगृह. थोरल्याचा कौल बसला, धाकट्याचा बोटीला. आजोबा म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा की. आमचं जाणं एकदाच व्हायचं."

एकदाच व्हायचे, म्हणूनच घाईने उत्तर देववेना.

बोटीची बाजू लंगडी नाही. खोलीत एकदा बॅग टाकली की आठवडाभर ती बांधणे-सोडणे नाही. गुडघे धरलेल्या माणसाला हे केवढे सुख आहे, ते ज्याचे त्याला ठाऊक. परंतु बोट शहरात जात नाही, ती बंदराला लागते. रोमचे बंदर चिव्हितावेक्किया, रोमपासून सुमारे ७० किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरावयाचे, तेथून सुमारे ९० किलोमीटर. सकाळी उतरा, दीड तास गाडीत बसा, शहर धावत पाहा, पुन्हा दीड तास गाडी, आणि बोट सुटण्याच्या आत हजर राहा. या फेरीचे पैसे बहुधा निराळेच पडतात. व्हेनिसने तर १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या बोटींना सेंट मार्क चौकासमोरून जाण्यास बंदी केली आहे; डेकवर उभे राहून व्हेनिस पाहण्याची ती हौस आता मोठ्या बोटीवरून भागत नाही. शिवाय बोट मध्येच तुर्कस्तानला जाऊन परत इटलीत येणार असेल तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा पुरत नाही. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावे.

आणि बोट सुटते ती बहुधा संध्याकाळी! गाणेबजावणे करणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार लागते. कुठल्याही शहराचा खरा सूर दिवे लागल्यावर कळतो. नेमक्या त्याच वेळी आपण समुद्रावर, त्याच त्या भोजनगृहात.

पण बसवाले तरी संध्याकाळ कुठे देतात? सात वाजता हिंदुस्थानी जेवण, मग गावाबाहेरचे हॉटेल. सगळा दोष मार्गदर्शकाच्या माथी मारू नये. तिकडचा कायदा कडक आहे : चालकाने साडेचार तास गाडी हाकली की ४५ मिनिटे विश्रांती, दिवसाकाठी ९ तास हाकणे (आठवड्यातून दोनदाच १०), आणि रात्री सर्वसाधारणपणे ११ तास आराम. मार्गदर्शक घड्याळ दाखवितो ते यासाठी. कायदा चांगलाच आहे. आपल्याकडे रातराणीच्या चालकाला तो लागू झाला तर किती घरे वाचतील! पण त्या वेळेच्या चौकटीत दहा देश कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला एक फोटो येतो.

माझा कौल तरीही बसलाच आहे, आणि त्याचे कारण आपल्या कोल्हापूरचे आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, परक्या मुलुखात, त्यांना अग्नी देण्यात आला. तिथे १८७४ साली छत्री उभी राहिली, आत फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलाला तिथले लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. छत्री कॅसीने बागेच्या पार पश्चिम टोकाला, भर शहरापासून चारपाच किलोमीटर. लिव्होर्नोहून आलेल्याला तिथवर जाऊन वेळेत बोट गाठणे कठीणच. बस मात्र शहरातून चाललेली असते. वीस-पंचवीस मराठी माणसांनी आधीच एकमुखाने मागणी केली, तर अर्धा तास वळविता येते. राजाराम कॉलेजात शिकलेली किती माणसे फ्लॉरेन्सला जाऊन, मनोरा पाहायला पिसाकडे धावून, या छत्रीवाचून परत आली असतील!

आजींच्या गुडघ्यांचा प्रश्न राहिलाच. त्यावर माझ्या मते समुद्रापेक्षा नदी बरी. डॅन्यूबवरच्या लहान बोटी व्हिएन्ना, बुडापेस्टला शहरालगतच लागतात आणि पुष्कळदा रात्रीही तिथेच राहतात. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्याने ऐकण्याच्या स्वस्त जागा शेकडो आहेत. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तिथले प्रयोग बंद असतात. दर मात्र चढा असतो, हे लपवीत नाही.

आजोबांना इतकेच सुचविले, की तीन किंवा चारच देशांची बस शोधा, दोन संध्याकाळी मोकळ्या मागा आणि फ्लॉरेन्सची छत्री कार्यक्रमात लेखी घालून घ्या. धाकटे चिरंजीव काही बोलले नाहीत. बोटीचे पत्रक त्यांनी घडी करून खिशात ठेवले. आजी तेवढ्यात आतून म्हणाल्या, "आणि त्या बागेत बसायला बाक आहेत का, तेही विचारा हो."