डॉक्टर जंगलात का येत नाही?

गडचिरोलीला झालेली बदली म्हणजे 'शिक्षेची बदली', असे आपले प्रशासन अनेक दशके मानीत आले. ज्यांच्या लेखी एका जिल्ह्याचा उपयोग शिक्षेपुरता, त्यांनी तेथे डॉक्टर टिकत नाहीत म्हणून हळहळावे, हा शुद्ध कांगावा आहे.

तरुण डॉक्टरांत सेवाभाव उरला नाही, हे त्यांचे आवडते स्पष्टीकरण. १९७३ पासून हेमलकशात प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी आणि १९८० च्या दशकापासून गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी केलेले काम असामान्यच आहे. पण मूठभरांच्या त्यागाकडे बोट दाखवून सरकार आपली जबाबदारी टाळते. फौजदार सेवाभावी मिळाला तरच ठाणे उघडू, असे कोणी म्हणत नाही!

खरे कारण हिशेबात आहे. आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सुमारे २७० चौरस किलोमीटर मुलूख, आणि भामरागड-एटापल्लीकडे त्याहून कितीतरी अधिक. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यामागून पावसाळे तुटत आला. गर्भवतीला खाटेवर घालून नाला ओलांडणाऱ्यांना लोकसंख्येचे प्रमाण ऐकवून काय उपयोग? येथे अंतर तासांत मोजले पाहिजे.

उरलेले काम बाजार करतो. पैशाअभावी कोणी उपचारांवाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. परंतु खाजगी महाविद्यालयात लक्षावधी रुपये ओतून मिळविलेली पदवी पैसेवाल्या रोग्याकडेच जाणार, तेंदूपानाच्या हंगामावर जगणाऱ्या माडिया कुटुंबाकडे नव्हे. सरकारी महाविद्यालयांतून शिकणाऱ्यांवर ग्रामीण सेवेचे बंधन घातले, आणि १० लाख रुपये भरून त्यातून सुटण्याची वाटही वर्षानुवर्षे मोकळी ठेवली. याला धोरण म्हणायचे की विक्री? येथला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात पोहोचला, सूरजागडचे लोहखनिज ट्रकांतून बाहेर निघाले. उलट दिशेने डॉक्टर तेवढा आला नाही.

चंद्रपूरला २०१५ साली आणि गडचिरोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे या दोन जिल्ह्यांतील वनगावांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र जागा, त्यांना पदवीनंतर येथेच कंत्राटी नव्हे तर कायम नेमणूक, राहण्याजोगे घर आणि तासांच्या अंतरावर आखलेली केंद्रे, एवढ्या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत ठराव करून घ्यावेत, आणि मते मागायला येणाऱ्यासमोर ते ठेवून लेखी उत्तर मागावे.