‘एव्हरीवन’च्या नावावर पेढी

वहीखाते : साप्ताहिक सदर
– मुनीमजी

महिन्याची १० तारीख, संध्याकाळची वेळ. शनवाऱ्यापासून लालबागपर्यंत बऱ्हाणपूरच्या कापडाच्या पेढ्यांवर एकच वाक्य कानी पडते, “भैया, टॅली खुल नहीं रहा.” दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ ची मुदत. आदल्या रात्री संगणकाने आपल्या मर्जीने अपडेट घेतलेले. गल्ल्यावरच्या मशीनवर टॅली बिनबोभाट चालते, पण आतल्या खोलीत बिले बनवणाऱ्या मुलाच्या मशीनवर कंपनीच दिसत नाही. मग शिव्या अपडेटला, टॅलीला, आणि कोणीच सापडले नाही तर जीएसटीला.

यातली निम्मी चिडचिड मला मान्य आहे. जीएसटीआर-१ अडकले की त्रास आपल्या पेढीपुरता राहत नाही. १४ तारखेला समोरच्या व्यापाऱ्याचे २बी तयार होते, आणि त्यात आपले बिल नसले तर रावेरचा किंवा जळगावचा गिऱ्हाईक त्या महिन्याचे क्रेडिट घेऊ शकत नाही. तो फोनवर काय बोलतो ते इथे छापता येणार नाही. पुढे २० तारखेचे ३बी लांबले तर दिवसाला ५० रुपये, शून्य रिटर्न असले तरी २०, आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज.

पण उरलेली निम्मी चिडचिड चुकीच्या पत्त्यावर जाते. आपल्या बहुतेक पेढ्यांवर नेटवर्क पहिल्या दिवसापासूनच वाकडे बांधलेले होते. अपडेटने ते चालवून घेणे बंद केले, एवढेच.

बांधले कसे होते ते आठवा. टॅली घालून देणारा मुलगा आला, डी ड्राइव्हवर डेटाचे फोल्डर केले, उजवी कळ दाबून ‘शेअर’ म्हटले, नावांच्या जागी ‘एव्हरीवन’ निवडले आणि पुढे ‘फुल कंट्रोल’. पासवर्ड विचारू नये म्हणून तेही बंद केले. दहा मिनिटांत काम झाले, सेठजी खूश, मुलगा चहा पिऊन गेला. त्या दिवसापासून पेढीच्या वायफायवर आलेला कोणीही, मग तो बिल्टी घेऊन आलेला ट्रान्सपोर्टवाल्याचा पोरगा का असेना, वर्षानुवर्षांची खाती उघडू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारा माणूस हे कसे चालवून घेतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

विंडोजला हे चालेनासे झाले, त्याला कारण आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनची सरकारी रुग्णालये अडली, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. त्याने वापरलेली वाट हीच होती, एका संगणकाचे फोल्डर दुसऱ्यावर उघडणारी जुनी यंत्रणा, तिची पहिली आवृत्ती. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी अपडेट लावले नव्हते ते सापडले. त्याच वर्षीच्या शेवटी शेवटी नव्या विंडोजमधून ती पहिली आवृत्ती मुळातूनच बंद येऊ लागली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ चे ‘२४एच२’ आले आणि दोरी आणखी आवळली गेली. प्रो आवृत्तीत आता दोन संगणकांमधल्या प्रत्येक निरोपावर सही लागते, आणि बिनपासवर्डचा ‘गेस्ट’ म्हणून आत जाणे मुळातच बंद आहे. सही करायला लागणारी किल्ली पासवर्डातून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, तर त्याने सही कशाने करायची? त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि आपल्याकडच्या कितीतरी पेढ्यांनी घाईघाईने एकच मशीन नवे घेतले, बाकीची जुनीच ठेवली. नवे सही मागते, जुने पाहुणा म्हणून येते. जमणार कसे?

आता अडले कुठे, हे शोधायचे कसे? आपल्या गावाला ही पद्धत शिकवायला बाहेरच्या माणसाची गरज नसावी. कुंडी भंडाऱ्याचे पाणी १६१५ पासून सातपुड्याच्या पायथ्याकडून जमिनीखालच्या बोगद्याने, एका कुंडीतून दुसरीत असे शहराकडे वाहत आले. शेवटच्या कुंडीत पाणी आले नाही तर शहाणा माणूस तिथेच खणत बसत नाही. एकेक कुंडी मागे जाऊन पाहतो, पाणी कुठपर्यंत आहे ते. टॅलीचेही तसेच पाहावे, आणि पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी की इथे दोन वेगळे प्रवाह आहेत. एक लायसन्सचा, दुसरा डेटाचा. लोक दोन्ही एकच समजतात आणि तिथेच रात्र वाया जाते.

टॅली उघडली, पण कोपऱ्यात ‘एज्युकेशनल’ असे आले आणि व्हाउचरला महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखा घेऊ लागली, तर समजा लायसन्स तुटले. जास्त माणसांसाठीचे ‘गोल्ड’ लायसन्स एका संगणकावर असते आणि बाकीचे संगणक ९९९९ क्रमांकाच्या पोर्टवरून त्याच्याकडे परवानगी मागतात. तेव्हा मुख्य संगणकावर जा. ‘टॅली गेटवे सर्व्हर’ ही सेवा सुरू आहे का पाहा. अपडेटनंतर ती पुष्कळदा झोपलेली सापडते. नेटवर्क ‘पब्लिक’ झाले असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. आणखी एक खोच आहे. टॅलीची नवी आवृत्ती नव्या फोल्डरमध्ये घातली असेल, तर फायरवॉलमधली जुनी परवानगी जुन्या फोल्डरातल्या फाइलीच्या नावावरच राहते. नव्या फाइलीला ती वेगळी द्यावी लागते. (‘सिल्व्हर’ लायसन्स एकाच माणसाचे असते. ते घेऊन तीन मशीनवर चालत नाही म्हणून रडणाऱ्यांना माझ्याकडे औषध नाही.)

लायसन्स दिसते पण कंपन्यांची यादी रिकामी, तर गडबड डेटाच्या वाटेवर. टॅली बंद करा आणि तिच्याशिवाय तपासा. विंडोजच्या ‘रन’ चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे मुख्य संगणकाचे नाव लिहा. फोल्डर उघडले नाही तर टॅलीला दोष देण्याचे कारण संपले. नाव, केबल, राउटर, पासवर्ड या क्रमाने मागे जा. फोल्डर उघडते आणि तरी टॅलीला दिसत नाही, तर टॅलीत डेटाचा पत्ता ‘झेड ड्राइव्ह’ असा दिलेला आहे का ते पाहा. टॅली ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडली की साध्या लॉगिनमध्ये जोडलेला तो झेड ड्राइव्ह तिला दिसतच नाही. चांगल्या चांगल्या जाणकारांना या जागी घाम फुटलेला आहे. पत्ता ड्राइव्हच्या अक्षराने न देता मुख्य संगणकाच्या पूर्ण नावाने दिला की हा प्रश्न पुन्हा उद्भवत नाही.

कंपनी दिसते पण उघडत नाही, असेही होते. तेव्हा बहुधा एका मशीनवर टॅली नवी असते आणि बाकीच्यांवर जुनी. २०२३ मध्ये टॅलीप्राइम ३.० आले तेव्हा डेटा नव्या घडणीत उतरवावा लागला, आणि एकदा उतरवला की जुन्या आवृत्तीत तो उघडत नाही. म्हणून आवृत्ती बदलायची तर सगळी मशीन एकाच दिवशी, आधी बॅकअप घेऊन, आणि ११ व २० तारखेपासून लांब. बॅकअप त्याच डी ड्राइव्हवर ठेवणे म्हणजे बॅकअप न घेणेच.

आता राग कुणावर काढायचा ते सांगतो. फोन केल्यावर येऊन पाच मिनिटांत टॅली चालू करून देणाऱ्यावर. तो करतो काय? फायरवॉल बंद, सहीची सक्ती बंद, गेस्ट पुन्हा चालू, जमल्यास २०१७ च्या व्हायरसने वापरलेली ती पहिली आवृत्तीसुद्धा जिवंत, आणि वर ‘अब अपडेट बंद कर दिया, टेन्शन नहीं’. सेठजींना तो देव वाटतो. मुदतीच्या रात्री तासाभरापुरता असा मार्ग काढावा लागला तर मी समजू शकतो. पण तो तास दोन-दोन वर्षे चालतो. मायक्रोसॉफ्ट आणि टॅली यांनाही मी सोडत नाही. सूतगिरणीची आणि कापडाची उलाढाल सांभाळणाऱ्या माणसाला ‘तुमच्या संस्थेचे सुरक्षा धोरण’ असा इंग्रजी निरोप पडद्यावर दाखवून काय समजणार? त्याच्या पेढीत संस्था म्हणजे तो, त्याचा धाकटा भाऊ आणि दोन मुले. टॅलीचा जन्मच १९८६ मध्ये गिरण्यांना कच्चा माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांच्या अडचणीतून झाला. हिशेबाचे धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, ते लिहायला सांगितले. व्यापाऱ्याच्या घरातून आलेल्या वस्तूने व्यापाऱ्याला कळेल असे बोलावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

‘एव्हरीवन’ऐवजी प्रत्येकाच्या नावाने खाते करण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते चोराशी संबंधित नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. आपल्या गावात बहुतेक पेढ्या एकट्याच्या किंवा भागीदारीच्या, त्यांना हा नियम लागू नाही. पण मागवाल्यांची मजुरी मीटरवर काढताना, सुताची उधारी मांडताना, एखादी नोंद बदलली तर कोणी बदलली हे सेठजींना कळायला नको? तिघे एकाच ‘अ‍ॅडमिन’ने काम करत असतील तर नोंद राहूनही उपयोग शून्य. भांडणाच्या वेळी तिघेही ‘मैंने नहीं किया’ म्हणणार, आणि तिघांचेही खरे मानावे लागणार.

करायचे काम फार मोठे नाही. मुख्य संगणक एकच, त्याचा पत्ता राउटरमध्ये कायमचा ठरवून दिलेला. त्यावर प्रत्येक मुलाच्या नावाचे खाते आणि पासवर्ड, फोल्डरवर फक्त त्या नावांना परवानगी. टॅलीच्या आतही वेगळी नावे. डेटाच्या मशीनला केबल, वायफाय नको; आणि त्याला यूपीएस हवाच, कारण मधेच वीज गेली की फाइल अर्धवट लिहिली जाते. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे वायफाय. माणसे जास्त असतील त्यांनी ‘टॅलीप्राइम सर्व्हर’चा विचार करावा, त्यात मुलांना डेटाचे फोल्डर उघडे द्यावेच लागत नाही, मात्र त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

मुदतीच्या तोंडावर यातले काहीही करू नका. या महिन्याची २० तारीख, आणि तिमाही रिटर्नवाल्यांची २२, उलटून जाऊ द्या. मग टॅलीवाल्या मुलाला निवांत बोलवा, जेवायला बसवा आणि स्पष्ट सांगा, “एव्हरीवन काढायचे, प्रत्येकाचे नाव घालायचे, आणि काय काय केले ते कागदावर लिहून द्यायचे.” तो नेहमीपेक्षा दुप्पट पैसे मागेल. द्या.