थेंबाचं गणित



नाताळ जवळ आला की बेकरीच्या काचेमागे चांदणीच्या, घंटेच्या आकाराची बिस्किटं दिसू लागतात. त्यांच्यावर पांढरीशुभ्र, गुळगुळीत नक्षी! बोट लावलं तर टणक, तोंडात टाकली की विरघळणारी. हिचं नाव रॉयल आयसिंग. त्यात असतं तरी काय? दळलेली साखर, अंड्याचा पांढरा भाग आणि थोडं पाणी. बस्स! तरीही घरी करायला गेलं की कधी ते ओघळून ताटलीत जातं, तर कधी कोनातून बाहेरच येत नाही. सगळी किमया पाण्याची आहे, बरं का!

हे पाणी समजून घ्यायला आपण न्हावा-शेव्याला जाऊ. तिथलं मोठं बंदर १९८९ साली सुरू झालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून उरणचा हा किनारा मिठागरांचा. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं आणि ऊन-वाऱ्यावर आटू द्यायचं. पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक मागे राहतात. पावसाळ्यात मात्र काम बंद! बंदर, रस्ते, वस्त्या आल्या तशी पुष्कळ मिठागरं भरावाखाली गेली. पण तिथला नियम तुमच्या बिस्किटावरही चालतो. आयसिंगमधलं पाणी उडालं की साखरेचे बारीक स्फटिक एकमेकांना धरून बसतात आणि नक्षी कडक होते.

आता कृती. आई-बाबांपैकी कुणाला तरी सोबत घ्या. कच्च्या अंड्यात कधी कधी साल्मोनेला नावाचे जंतू असतात आणि आयसिंग तर शिजवत नाहीत. लहान मुलांना, आजी-आजोबांना त्यांचा त्रास जास्त होतो. म्हणून अंड्याऐवजी मेरिंग पावडर आणा. ती जंतू मारून वाळवलेल्या पांढऱ्या भागापासून करतात. अंडं अजिबात चालत नसेल, तर आयसिंग शुगरमध्ये चमचा-चमचा दूध घालून लेप करा. तो तेवढा टणक होत नाही, पण छान लागतो.

२२५ ग्रॅम आयसिंग शुगर चाळून घ्या. त्यात १५ मिलीच्या चमच्याने दीड चमचा मेरिंग पावडर आणि अडीच चमचे पाणी घाला. भांडं कोरडं हवं. त्याला तेला-तुपाचा बोटही लागलेला नको, नाहीतर फेस धरत नाही. बीटरने सात ते दहा मिनिटं फेटा. चमचा उचलला की शेंडा ताठ उभा राहिला पाहिजे. हे झालं फुला-पानांसाठीचं घट्ट आयसिंग.

यापुढे पाणी थेंबाथेंबानेच! आजी साखरेचा पाक करते तेव्हा दोन बोटांत धरून तार बघते ना, तशी आपलीही एक परीक्षा आहे. सुरीने आयसिंगमध्ये एक रेघ ओढा आणि घड्याळाचा सेकंदकाटा बघा. रेघ साधारण २० सेकंदांत मिटली, तर ते कडेच्या रेषेसाठी बरोबर. १० ते १५ सेकंदांत मिटली, तर आत भरायला बरोबर. त्याहून लवकर मिटली, तर ते नक्की ओघळणार. मग थोडी साखर घाला. रांगोळीत आपण आधी रेषा काढतो, मग रंग भरतो. इथंही तसंच. बटर पेपरचा मेंदीसारखा कोन करा, सपाट बिस्किटावर आधी कड काढा, मग आतला भाग भरा. काम चालू असताना भांड्यावर ओलं फडकं टाका, नाहीतर वरची साय कडक होते.

आता सर्वांत अवघड काम: वाट बघणं! बिस्किटं पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. घाईने डब्यात भरली तर एकमेकांना चिकटतील. फ्रीजमध्ये तर ठेवूच नका. बाहेर काढताच त्यांच्यावर दव धरतं आणि रंग पसरतात. उरण, अलिबाग, मुंबई अशा समुद्राकाठच्या गावांत पावसाळी हवा इतकी दमट असते की साखर ती ओल शोषून घेते. तेव्हा नक्षी दुसऱ्या दिवशीही चिकटच! म्हणून किनाऱ्यावरच्या मित्रांनो, तुमचा खरा हंगाम हिवाळा, मिठागरासारखा कोरड्या हवेचा.

एक प्रयोग करून बघा. याच मापाने एकदा जुलैत आणि एकदा डिसेंबरात आयसिंग करा. दोन्ही वेळा किती थेंब पाणी लागलं आणि वाळायला किती तास लागले, ते वहीत लिहून ठेवा. पुस्तकातल्या मापापेक्षा तुमच्या घरच्या हवेचं हे माप तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.