बिळातला कोळी बिळातच राहू द्या

टॅरंटुला पाळण्याची शिफारस करणारे पत्र वाचले. तो भुंकत नाही, आठवड्याला दोन-चार किडे त्याला पुरतात, हे लेखकाचे म्हणणे मान्य. पण तो येतो कुठून, यावर पत्रात एक ओळही नाही.

तो डिवचल्यास अंगावरचे खाजरे केस झाडतो, असे लेखक म्हणतात. ते अमेरिका खंडांतल्या जातींचे. आपल्या सह्याद्रीतल्या, प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १८९९मध्ये नोंदवलेल्या ‘चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस’सारख्या जातींना ते केसच नसतात, त्या थेट चावतात. मादी दहा वर्षांहून जास्त जगते आणि बहुतेक आयुष्य बिळात काढते. पावसाळ्यात नर तिला शोधत हिंडतो. ती उकरून नेली, की त्या उतारावरची पुढची पिढीच गेली.

चाकणकडे प्लॉटिंगसाठी टेकड्या रोज कापल्या जाताहेत. जेसीबीतून वाचलेले बीळ आपण कुदळीने का फोडावे? शिवाय डब्यात दोन बोटे कोकोपीट टाकून त्याला ‘घर’ म्हणणे मला क्रूर वाटते. कोळ्याला वीतभर तरी खोल माती हवी.

मुलांना कोळी दाखवायचाच असेल, तर पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन भंडारा डोंगराच्या उतारावर न्या. बिळाच्या तोंडाशी रेशमी अस्तर दिसले, तर तिथेच थांबा, काडी घालू नका.

— एक वाचक, आकुर्डी